आदेश चौथीपाशी थांबला, झोपेची अडचण तिथूनच सुरू होते : शालेय शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण,
तसेच सचिव, शालेय शिक्षण विभाग आणि आयुक्त, शिक्षण,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या विभागाने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळांचा विचार व्हावा असे सुचवले होते. मुलांच्या झोपेवर सरकार आदेश काढते याचे मला तेव्हा अप्रूप वाटले होते, आजही वाटते. त्या आदेशाला माझा विरोध नाही. तो चौथीपाशी का थांबला, एवढेच विचारायला हे पत्र लिहिते आहे.

मी डोंबिवलीत राहते, एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि आठवीतल्या मुलीची आई आहे. शाळेत माझा पहिला तास बहुधा नववीवर असतो, ७.१० ला. त्यामुळे पहाटेची शाळा मला फळ्यापाशी उभी राहूनही दिसते आणि स्वयंपाकघरातूनही.

मुलीची शाळा वेगळी आहे, खाजगी. तिचे नाव घेत नाही. आदेश आल्यावर तिने छोट्यांचे वर्ग नऊला नेले. बस मात्र होत्या तेवढ्याच. त्या आता दोन फेऱ्या करतात, पहिली मोठ्यांची आणि दुसरी छोट्यांची. दुसरी फेरी वेळेत व्हावी म्हणून पहिली आणखी अलीकडे ओढली, आणि पाचवी ते दहावीची शाळा ७.२० वरून ६.५० वर आली. बस सोसायटीच्या फाटकाशी ६.०५ ला येते. मुलगी सव्वापाचला उठते, म्हणजे तिला उठवावे लागते. पालकसभेत आम्ही काही जणांनी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "मोठी झालीत आता, होईल सवय."

हे उत्तर त्या एका शाळेचे आहे असे मी मानत नाही. आपल्या आदेशामागेही तोच समज दिसतो की झोप लहानांना लागते, मोठ्यांनी शिस्त लावून घ्यायची. मुलांचे शरीर बरोबर याच्या उलट चालते. मला या पत्रात म्हणायचे आहे ते एवढेच, बाकीचे सगळे त्याचे पुरावे.

थोडे मुळापासून सांगते, विज्ञानाच्या बाईंची ही खोड जात नाही.

नुकते जन्मलेले मूल दिवसाचे १४ ते १७ तास झोपते, पण त्याला दिवस-रात्र कळत नाही. त्याच्या शरीरातले घड्याळ अजून सूर्याशी जुळलेले नसते. ते पुढच्या दोन-चार महिन्यांत जुळते आणि मग घरातली मोठी माणसे सुटकेचा श्वास सोडतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये वयानुसार झोपेचे तास सांगितले. एक ते दोन वर्षे ११ ते १४, तीन ते पाच वर्षे १० ते १३ (दुपारच्या डुलकीसकट), सहा ते बारा वर्षे ९ ते १२ आणि तेरा ते अठरा वर्षे ८ ते १०. आकडे उतरत जातात, म्हणून वय वाढेल तशी अडचण कमी होत असेल असे वाटते. पण झोप किती लागते हा एक प्रश्न झाला. ती कधी लागते, हा दुसरा. आदेश काढताना हा दुसरा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

सात-आठ वर्षांचे मूल पाहा. त्याला रात्री जागवले नाही तर साडेआठ-नऊला त्याचे डोळे मिटू लागतात आणि रविवारी सुट्टी असूनही ते सहाला टुणकन उठून आईबापांना हलवते. त्याचे घड्याळ लवकरचे आहे. आपल्या शहरी घरांत ही मुले अकरापर्यंत जागी असतात, हे खरे, आणि राज्यपालांचा मुद्दा त्यावरच होता. पण तो दोष घरच्या सवयीचा आहे. दिवा मालवला, टीव्ही बंद केला, आठ दिवस नेटाने पाळले, की ते मूल नऊला झोपते.

मग वयात येणे सुरू होते. मुलींमध्ये बहुधा आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वर्षांत कधीतरी. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी. एखादा मुलगा वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो आणि दिवाळीत घेतलेली पँट जूनमध्ये घोट्याच्या वर जाते, हे आपण सगळेच पाहतो. त्याच काळात शरीरातले घड्याळही सरकते, आणि ते मात्र कोणाला दिसत नाही. अंधार पडल्यावर मेंदूला झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागते. दिवसभर जागल्यामुळे डोळ्यांवर चढत जाणारी झापडही या वयात लहानपणापेक्षा सावकाश चढते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी हे अभ्यासून दाखवले. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये असे मांडले की हे उशिराकडे सरकणे विशीपर्यंत चालू राहते आणि मग काटा पुन्हा मागे वळू लागतो. (पन्नाशीतले आम्ही शिक्षक साडेपाचला गजराविना उठतो आणि ते आपल्या शिस्तीचे फळ समजतो. बऱ्याच अंशी ते वयाचे फळ आहे.)

तेव्हा तेरा-चौदाच्या मुलाला साडेदहा-अकराच्या आधी झोप न येणे हा त्याचा आगाऊपणा नाही. त्याला किमान आठ तास हवेत. अकरात आठ मिळवा. सातच्या आधी त्याचा दिवस सुरू व्हायला नको. आणि सातला तो शाळेत बाकावर बसलेला असतो.

आता आदेशातली वर्गमर्यादा बघा. चौथी संपते तेव्हा मूल दहा वर्षांचे असते. म्हणजे घड्याळ सरकायला लागते त्याच उंबरठ्यावर शासनाने मुलाचा हात सोडला.

लवकर उठल्याने मुलांची उंची खुंटते असे काही पालक बोलतात. मी तसे म्हणणार नाही. वाढीचे संप्रेरक जास्त करून रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत स्रवते आणि ती झोप शरीर सहसा वाचवते. कापली जाते ती पहाटेची, स्वप्ने पडणारी झोप, कारण ती रात्रीच्या शेवटच्या तासांत अधिक असते. दिवसभर शिकलेले पक्के होणे, भावनांचा चढउतार आवरणे या गोष्टींशी झोपेच्या या भागाचा संबंध जोडला जातो. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पिकायला पंचविशीपर्यंतचा वेळ लागतो, तेव्हा या वयात लगाम आधीच सैल असतो. त्यात झोप तोडली की काय होते हे नववीच्या वर्गशिक्षिकेला विचारा. क्षुल्लक कारणावरून रडणे, अंगावर धावून जाणे, "माहीत नाही" एवढेच उत्तर. मग आम्ही पालकांना बोलावतो आणि समुपदेशकाकडे जायला सांगतो.

आता तक्रारी.

पहिली सूर्याची. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते, आणि अख्खा महाराष्ट्र तिच्या पश्चिमेला पडतो. मुंबईत सूर्य घड्याळाच्या मानाने ३९ मिनिटे मागे असतो. १९५५ पर्यंत मुंबईचे स्वतःचे घड्याळ होते आणि ते प्रमाणवेळेच्या तेवढेच मागे चालत असे. त्या घड्याळाने पाहिले तर माझ्या मुलीची ६.५० ची शाळा ६.११ ला भरते. जानेवारीत मुंबई-ठाण्यात सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, परिपाठ सगळे सूर्योदयाआधी उरकलेले असते. पालघर आणि गडचिरोली यांच्या सूर्योदयात जवळपास अर्ध्या तासाचे अंतर आहे, आणि सर्वांत पहाटेच्या शाळा भरतात त्या मुंबई, ठाणे, पुणे या पश्चिमेच्या पट्ट्यात, जिथे सूर्य सर्वांत उशिरा येतो. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडाने पुढे येते. तो उजेड मिळण्याच्या वेळी ही मुले ट्यूबलाइटखाली बसलेली असतात. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्याच आकडेवारीवरून दाखवले आहे की सूर्यास्त तासभर उशिरा होतो तिथे मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. मुले उशिरा झोपतात आणि शाळेच्या घंटेमुळे उशिरा उठू शकत नाहीत, म्हणून. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण हे त्या उशिराच्या सूर्यास्ताचे प्रदेश आहेत.

याच अंधारात मुली एकट्या बस थांब्यापर्यंत चालत येतात. मुलींच्या सुरक्षेवर परिपत्रके निघतात, पण पहाटे सहाच्या सुनसान रस्त्याचा उल्लेख मी त्यांत वाचलेला नाही.

दुसरी तक्रार न्याहारीची. सहाला बाहेर पडणारे मूल खाऊन निघत नाही. पोटात काही जात नाही, जबरदस्तीने दूध पाजले तर बसमध्ये मळमळते. पहिली सुट्टी साडेनऊच्या आसपास. आपल्याच सरकारच्या कार्यक्रमात सहावीपासूनच्या मुलामुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ही गोळी खाल्ल्यावर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली की पोटात ढवळते, मग मुली ती तोंडात धरून बेसिनमध्ये टाकतात. मी ते पाहिले आहे, आणि मुलींना रागावण्यात अर्थ नाही हेही मला कळते. आरोग्य विभाग गोळी देतो आणि शिक्षण विभागाची घंटा ती थुंकायला लावते.

तिसरी, खुद्द शिकण्याची. पहिल्या तासाला अवघड धडा घ्यायचा नाही, हे आम्ही शिक्षक एकमेकांना न सांगता पाळतो. गुरुत्वाकर्षण असो की अनुवंश, नवीन काही काढायचे ते तिसऱ्या तासाला. पहिल्यात वह्या तपासणे, फळ्यावरचे उतरवून घेणे. वर्षभराचे पहिले तास असेच जातात. आणि शालान्त परीक्षेचा निकाल लागला की शाळा पहिल्या तासाच्याही आधी ज्यादा तास सुरू करतात, ६.३० ला. निकाल सुधारायचा म्हणून.

कनिष्ठ महाविद्यालयांबद्दल तर कोणी बोलतच नाही. अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी सातला सुरू होतात, कारण दुपारी त्याच खोल्यांत पदवीचे वर्ग असतात. सोळा-सतरा हे वय घड्याळ सर्वांत मागे पडण्याच्या जवळचे. तिथल्या रिकाम्या बाकांचे खापर आपण क्लासवर फोडतो, आणि त्यात तथ्य आहेच, पण सगळे नाही.

माझ्याकडे येणारे आक्षेप मला पाठ झाले आहेत. आपल्याकडेही येत असतील.

"मोबाइल काढून घ्या, झोपतील." मोबाइल झोप बिघडवतो, यात शंका नाही. डोळ्यांसमोरचा उजेड मेलाटोनिनला आणखी मागे ढकलतो. आमच्या घरी फोन दहाला हॉलमध्ये चार्जिंगला लागतो, त्यावरून रोज तोंड वाजते. पण वयात येताना घड्याळ सरकते हे कार्स्काडन यांनी नोंदवले तेव्हा स्मार्टफोन नव्हते. मोबाइलने आगीत तेल ओतले, आग आधीची आहे.

"लवकर निजे, लवकर उठे, त्याला ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे." यात निजणे आधी आहे, उठणे नंतर. डोंबिवलीत नोकरीला गेलेली माणसे लोकलने साडेआठ-नऊला घरी येतात. मुलगी क्लासमधून आठला येते. चौघे एकत्र जेवतात ते नऊ-सव्वानऊला, आणि ते एकत्र जेवण मला मोडायचे नाही. सव्वापाचला उठायचे तर आठ तासांसाठी तिने सव्वानऊला झोपलेले असायला हवे, म्हणजे ताटावरून थेट अंथरुणात. तिथे पडून ती अकरापर्यंत छताकडे बघते, कारण शरीर झोपू देत नाही.

"वेळ पुढे नेली तर मुले तेवढाच वेळ जास्त जागतील." ही शंका रास्त आहे आणि तिची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७.५० वरून ८.४५ ला नेल्या. मनगटावर यंत्र बांधून मोजले तेव्हा मुलांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. झोपायची वेळ जवळपास तीच राहिली, उठायची पुढे गेली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच या वयाची शाळा ८.३० च्या आधी नको असे म्हटले होते, आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२२ पासून मोठ्या वर्गांना तसा कायदाच लावला. आपली परिस्थिती वेगळी आहे, मान्य. चौदा वर्षांच्या मुलाची मेलाटोनिन स्रवणारी ग्रंथी मात्र सिएटलमध्ये आणि सिन्नरमध्ये सारखीच चालते.

"बस आणि वाहतूक." हा खरा अडसर आहे आणि मी तो झटकत नाही. नऊला शाळा म्हणजे कार्यालयांच्या गर्दीत बस. बसमालकांनी २०२४ च्या आदेशालाही याच कारणाने विरोध केला होता. पण आज त्याचा हिशेब मुलांच्या झोपेतून चुकता केला जातो. गर्दीचा प्रश्न गर्दीच्या खात्याने सोडवावा.

आणखी एक आक्षेप आहे, जो उघड कोणी घेत नाही. सकाळची शाळा आम्हा शिक्षकांना सोयीची असते. साडेबाराला सुटले की दुपार आपली. घरची दुखणी, बँक, कोणाच्या शिकवण्या. माझ्याही दुपारी त्यातच जातात आणि वेळ बदलली तर मला त्रास होईल. माझे सहकारी हे पत्र वाचून खूश होणार नाहीत. तरीही मागते आहे.

गावाकडचे वाचक म्हणतील, आमच्या शाळा साडेदहाला भरतात, हा शहरी लाड आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांपुरते ते बरोबर आहे. पण आठवीनंतर तालुक्याच्या हायस्कुलात जाणारी मुले मुक्कामी एसटीने येतात. ती गाडी सहाला गावातून निघते, कारण तिला पुढे जिल्ह्याला पोचायचे असते. शाळा अकराची, आणि मूल साडेसातपासून स्टँडवर. तिथे शाळेची वेळ बदलून उपयोग नाही, गाडीची बदलायला हवी.

तेव्हा मागण्या अशा :

१. पाचवी ते बारावीचा कोणताही वर्ग सकाळी ८.३० च्या आधी भरू नये. ज्यादा तास, सराव परीक्षा, स्नेहसंमेलनाच्या तालमी, क्रीडा सराव हेही त्यात धरावेत, नाहीतर वेळापत्रक ८.३० चे आणि बोलावणे सातचे असे होईल. एका फटक्यात जमत नसेल तर आठवी ते दहावीपासून सुरुवात करा, कारण गरज तिथे सर्वांत मोठी आहे.

२. एका इमारतीत दोन अधिवेशने चालतात तिथे कोणाला तरी लवकर यावेच लागणार, हे मी जाणते. तिथे सकाळचे अधिवेशन आठच्या आधी नको. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास आहेत, म्हणजे दिवसाला साडेचार तासांच्या थोडे वर. आठ ते पाऊण आणि एक ते पावणेसहा अशी दोन अधिवेशने त्यात बसतात. नववी-दहावीचे उरलेले तास शनिवारी भरून काढता येतील. आणि सकाळच्या अधिवेशनात तिसरी ते सहावी ठेवा, दुपारच्यात आठवी ते दहावी. ऐकायला उलटे वाटेल, आणि आपल्या २०२४ च्या आदेशात अशा शाळांपुरती दुरुस्ती करावी लागेल. पण लवकर उठणे ज्याच्या शरीराला पेलते त्यालाच लवकर बोलवावे. संध्याकाळी पावणेसहाला रस्त्यावर माणसे असतात, पहाटे सहाला नसतात.

३. २०२४ च्या आदेशातून ज्या शाळांनी अडचणी सांगून सवलत घेतली, त्यांची यादी कारणांसह जिल्हावार प्रसिद्ध करावी. आणि त्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी मोठ्या वर्गांची वेळ अलीकडे ओढणाऱ्या शाळांनी ती जुन्या जागी न्यावी, असे पत्र लगेच काढावे. याला नवीन धोरण लागत नाही.

४. २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. पहिल्या थांब्यावर मूल किती वाजता चढते, याची नोंद तिने ठेवावी आणि ती पालकांना दिसावी. शाळा ८.३० ची करून बस पावणेसातला फिरवली तर सगळे मुसळ केरात. ग्रामीण भागात एसटी महामंडळासोबत बसून शाळेच्या गाड्यांच्या वेळा ठरवाव्यात.

५. खाजगी क्लासच्या पहाटेच्या तुकड्या बंद व्हाव्यात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत क्लास फार पहाटे किंवा फार रात्री नसावेत असे आहे. "फार पहाटे" म्हणजे किती, ते राज्याने आकड्यात सांगावे. नाहीतर शाळेने सोडलेली सकाळ क्लासवाले उचलतील, याबद्दल मला तरी शंका नाही.

६. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येऊन सहा ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करतात. वजन, उंची, डोळे, दात पाहतात. त्या अर्जात दोन ओळी वाढवा : शाळेच्या दिवशी किती वाजता झोपतोस, किती वाजता उठतोस. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. वर्षभरात राज्याकडे स्वतःचे आकडे येतील आणि माझ्यासारखीला सिएटलचे दाखले द्यावे लागणार नाहीत.

७. मुंबई-ठाणे, नाशिक आणि विदर्भातला एक जिल्हा अशा तीन ठिकाणी काही शाळांत एक वर्ष ही वेळ लावून पाहा. पहिल्या तासाची हजेरी, उशिराची नोंदवही आणि घटक चाचण्या आधीच्या वर्षाशी ताडून पाहा. उलटे निघाले तर तसे जाहीर करा, मी ते मान्य करीन.

एक अपवाद मी स्वतःहून मांडते. मार्च ते मे या उन्हाच्या महिन्यांत सकाळची शाळा हवीच. मार्च २०२५ मध्ये आपण राज्यभर सातची शाळा केली, ती उन्हासाठी होती आणि योग्य होती. चंद्रपूर-अकोल्याच्या मुलांना एप्रिलमध्ये दुपारी एकला घरी पाठवा असे कोणी शहाणे माणूस म्हणणार नाही. त्या दिवसांत सूर्यही लवकर उगवतो. पण जून ते फेब्रुवारी या नऊ महिन्यांना उन्हाळ्याचे कारण लागू होत नाही.

शाळांची पुढच्या वर्षाची वेळापत्रके आणि बसचे करार एप्रिल-मेमध्ये ठरतात. तेव्हा निर्णय मार्चअखेर व्हायला हवा, जूनमध्ये आला तर शाळा "यंदा जमणार नाही" म्हणतील आणि त्यांचे खरे असेल. चर्चेला बोलावलेत तर मी येईन, सोबत दोन-चार पालक आणि नववी-दहावीची मुलेही आणीन. बैठक सकाळी अकराच्या पुढे ठेवावी, म्हणजे मुलांनाही नीट बोलता येईल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका आणि पालक
डोंबिवली